दान देणाऱ्याने हिशेब का मागू नये?

अलीकडे आपल्या विहारांतून एक वाक्य वारंवार कानी पडते. वर्गणीचा जमाखर्च कोणी विचारला, की कमिटीतील एखादे वजनदार गृहस्थ शांत स्वरात सांगतात, "दान द्यावे आणि विसरावे, दिल्या दानाचा हिशेब मागणाऱ्याचे पुण्य उणे होते." विचारणारा बहुधा गरीब असतो, नवदीक्षित असतो. तो ओशाळून खाली बसतो.

उपासक-उपासिकांनो, हे वाक्य धम्माचे नव्हे. ज्या घरातून आपण बाहेर पडलो त्या घरचे ते आहे. देव्हारे आपण मागे टाकले, परंतु देवळातील दानपेटी मात्र डोक्यावर घेऊन आलो, असे म्हणावयाची पाळी या वाक्याने आणली आहे. जुन्या व्यवस्थेत दानाची पात्रता घेणाऱ्याच्या जन्मावर ठरत असे. घेणारा कोणासही उत्तर देण्यास बांधलेला नव्हता, आणि देणाऱ्याच्या पदरी पडे ते परलोकीचे आश्वासन. परलोकीच्या मालाची पावती कोण फाडणार?

आता बुद्धाच्या संघात काय होते ते पाहा. विनयपिटकात चीवरांच्या दानाची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. दान आलेली वस्त्रे स्वीकारणारा भिक्षू निराळा, ती ठेवणारा निराळा, कोठाराचा राखणदार जो भांडागारिक तो निराळा आणि वाटणारा निराळा. यांपैकी कोणीही आपण होऊन त्या जागी बसू शकत नसे. संघापुढे त्याच्या नावाचा ठराव मांडावा लागे, आणि कोणाची हरकत नसेल तरच नेमणूक होई. त्याच्या अंगी पाच गुण हवेत असा दंडक होता. तो पक्षपाताच्या, द्वेषाच्या, मोहाच्या वा भयाच्या आहारी जाणारा नसावा, हे चार. आणि पाचवा गुण असा, की काय राखले गेले व काय राखले गेले नाही हे त्यास ठाऊक असावे. यालाच आपण आज जमाखर्च म्हणतो. संघाच्या कामकाजात ठराव, मतदान, नियम ही सारी पद्धत होती, याची आठवण परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सर्व देशास करून दिली होती. ज्या पद्धतीचा दाखला त्यांनी लोकशाहीसाठी दिला, ती आपल्या विहाराच्या वर्गणीस लागू नाही काय?

याच विनयात आणखी एक नियम आहे, तो वाचून माझ्यातील वकील चकित झाला. आराम, विहार, त्यांच्या जागा, मंच-आसने, धातूची भांडी व अवजारे या सांघिक वस्तू कोणा व्यक्तीने देऊन टाकू नयेत, इतकेच नव्हे, तर खुद्द संघानेही देऊन टाकू नयेत; दिल्या तरी त्या न दिल्यासारख्याच होत. आता आपल्या राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा उघडा. त्याचे कलम ३६ सांगते, की विश्वस्तव्यवस्थेच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल वा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून वैध होत नाही. दोन नियमांमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे, आशय एकच.

आता माझ्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. गाव व माणसे यांची नावे सांगणे उचित नाही. एका तालुक्याच्या गावी आपली वस्ती आहे. बिगारी काम करणारे, सफाई कामगार, दोन-चार अंगणवाडी मदतनीस. या लोकांनी दर रविवारी घरटी दहा रुपये याप्रमाणे अकरा वर्षे वर्गणी काढली आणि विहारासाठी दोन गुंठे जागा घेतली. संस्था नोंदवलेली नव्हती, म्हणून खरेदीखत अध्यक्षांच्या नावाने झाले. पाया खणण्यास पैसे उरले नाहीत. मग पुरुषांनी सुटीच्या दिवशी पाया खणला, स्त्रियांनी डोक्यावरून वाळू वाहिली. अध्यक्ष प्रामाणिक गृहस्थ होते, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांनी एका पैशाचाही अपहार केला नाही. ते वारले, एवढेच घडले. मुलांची नावे वारस म्हणून मिळकतीच्या पत्रकी लागली, जागेचा भाव दरम्यान वाढला होता, आणि मुलांना गिऱ्हाईक मिळाले.

लोक माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना वाटत होते की खरे आपल्या बाजूस आहे म्हणून न्यायही आहे. पण कायद्याची वाट अशी सरळ नसते. नोंदणी न झालेल्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या वतीने हक्क बजावण्यासाठी आणलेला दावा न्यायालयास ऐकता येत नाही. हे त्याच कायद्याचे कलम ३१. म्हणजे आधी नोंदणी. पुढे बेनामी व्यवहारांना मनाई करणारा १९८८ चा कायदा आडवा येतो. आपल्या पैशाने दुसऱ्याच्या नावे घेतलेली मिळकत आपली आहे असा दावा त्याने सामान्यतः चालत नाही. ती व्यक्ती आपल्यासाठी विश्वासाच्या नात्याने मिळकत धारण करीत होती, असे सिद्ध झाले तरच सूट मिळते. हे सिद्ध कशाने करावयाचे? मी पावत्या मागितल्या. एकही नव्हती. "साहेब, दानाची पावती कोण मागतं?" असे मलाच विचारण्यात आले.

एक वही मात्र निघाली. वस्तीतील एका आजीबाईंनी ती जपून ठेवली होती. त्यांना स्वतःला लिहिता येत नाही. दर रविवारी त्या नातीस समोर बसवून लिहवून घेत: तारीख, घर, रक्कम, पुढे पाया खणताना कोण किती दिवस राबले, हेही. वर्षाअखेर त्या वही घेऊन अध्यक्षांच्या दारी जात आणि विहाराच्या वर्गणीच्या बेरजेखाली त्यांची सही घेत. लोक हसत. कोणी पुण्याची गोष्ट काढली तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "बाजारात मेथीची जुडी घेतली तरी मी सुटे पैसे मोजून घेते. मग इथंच कशी आंधळी होऊ?" अध्यक्ष दरवर्षी हसत हसत सही करीत. त्या सहीत त्यांनी विश्वासाचे नाते मान्य केले आहे, असे आज मला न्यायालयास सांगता येते, ते या निरक्षर बाईंमुळे. ज्यांनी हिशेब मागण्यास अविश्वास म्हटले, त्यांनी एका सज्जन माणसाची कीर्ती त्याच्या मरणानंतर धोक्यात आणली. जिने हिशेब मागितला, तिने ती राखली.

येथे आमचे सुशिक्षित बंधू लगेच म्हणतील, "म्हणूनच तर आम्ही काही देत नाही, कमिट्या पैसे खातात." या सबबीचा मला अधिक राग आहे. नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले. तीस हजार पगार असणाऱ्यास महिन्याला पंधराशे रुपये होतात. मी वकील मंडळींत, प्राध्यापकांत, बँकांतील नोकरांत विचारून पाहिले आहे. विसावा हिस्सा राहो, शंभरावा देणाराही विरळा. वाळू वाहणारी बाई आपल्या मजुरीतून दर आठवड्यास दहा रुपये देते आणि मोटारीतून येणारे गृहस्थ जयंतीच्या फलकावर स्वतःच्या छायाचित्रासाठी पाच हजार देतात, त्यास दान म्हणावे की जाहिरातीचे दर? ज्याने वर्गणीच दिली नाही त्यास अपहाराचा आरोप करण्याचा अधिकार पोहोचत नाही. आधी देणेकरी म्हणून नाव लावा, मग उलटतपासणी घ्या.

वर्गणी न देण्याचा हा रोग जुनाही आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढले. १९२९ च्या नोव्हेंबरात ते बंद पडले. पैशाचे बळ नव्हते, एवढे एकच कारण त्याचा प्राण घेण्यास पुरेसे झाले.

पैसा नसेल तर वेळ द्या. श्रमदान म्हणजे केवळ घमेले उचलणे, ही समजूत शिकलेल्यांना सोयीची आहे. वस्तीवस्तीत विहार आहेत, पण त्यांची नोंदणी नाही. नोंदणी आहे तर विश्वस्त बदलल्याचा अहवाल नाही, जो कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत द्यावयाचा असतो. तो आहे तर हिशेब तपासलेले नाहीत. हे काम वाळू वाहणाऱ्या बाईने करावयाचे काय? कारकुनाने रविवारी दोन तास जमाखर्च लिहावा, हिशेबतपासनिसाने एका विहाराचे लेखापरीक्षण विनामूल्य करावे, वकिलाने अर्ज भरावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी आणि अन्न वाटणारे, आजाऱ्यांस तपासणारे स्वयंसेवक आपण पाहतो. हारफुलांऐवजी एक वही व एक पेन आणा, असे आवाहन तेथे होऊ लागले, हेही चांगले झाले. परंतु ७ डिसेंबरपासून पुढे काय, हा माझा प्रश्न आहे. वर्षावासात विहार भरलेले असतात. त्या तीन महिन्यांत एका पौर्णिमेस वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविला आणि विचारणाऱ्या बाईस उभे राहून बोलू दिले, तर कोणत्या शीलाचा भंग होणार आहे?

त्या वस्तीच्या विश्वस्तव्यवस्थेच्या नोंदणीचा अर्ज आम्ही दाखल केला आहे. मूळ वही पुराव्यादाखल हजर केली आहे. परवा आजीबाई माझ्या कचेरीत आल्या होत्या. वही परत कधी मिळेल, असे विचारीत होत्या; तिच्यात अजून पाने कोरी आहेत आणि रविवारची वर्गणी चालू आहे. मी त्यांना तूर्त नवी वही घेण्यास सांगितले. त्यांनी ती आधीच घेतली होती, आणि पहिल्या पानावर माझ्याही नावापुढे रक्कम लिहावयाची म्हणून नातीस बरोबर आणले होते.