भाकरी एकटी नको

हुरड्याचे दिवस आले की पुण्या-मुंबईच्या गाड्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांकडे वळतात. परतताना डिकीत कडक भाकरीची पाकिटे असतात आणि ‘ज्वारी शुगरला चांगली’ एवढेच वाक्य डोक्यात राहते. या भ्रमंतीत शिकण्यासारखे याहून बरेच काही आहे.

मोहोळ, मंगळवेढा, सांगोला हा पट्टा पर्जन्यछायेतला. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी पुढे मुख्यतः जमिनीतल्या ओलीवर वाढते. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पीठ कढत पाण्यात मळतात. उष्णतेने स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. कडक भाकरीत पाणी जवळपास उरत नाही, म्हणून तिला बुरशी लागत नाही.

मात्र ज्वारी औषध नव्हे. तिचे सुमारे दोन तृतीयांश वजन कर्बोदकांचेच असते, गव्हासारखे. मधुमेहींनी भाकऱ्या मोजूनच खाव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे हैदराबादचे सहकारी दख्खनमधील गरिबांमधला पेलाग्रा अभ्यासत होते. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो, असा हा आजार. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. रुग्णांचे जेवण म्हणजे जवळपास नुसती ज्वारी. गोपालन यांनी ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. त्या कारणावर पुढे वाद झाला. पण एकाच धान्यावर जगणे धोक्याचे, यावर वाद नाही.

मक्याची कथा अशीच आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, मग वाटून तॉर्तिया करतात. त्या चुन्याने मक्यात अडकलेले नायसिन मोकळे होते. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. इटली आणि स्पेनमधल्या गरिबांना पेलाग्राने गाठले.

सोलापूरकडची रीत म्हणजे भाकरीशेजारची शेंगा चटणी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असते, शिवाय प्रथिने. जोडीला आमटी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी आली की ज्वारीची उणीव भरून निघते. ही जोडी कुणी प्रयोगशाळेत ठरवली नाही. कोरडवाहू घरांत ती रोजच्या जेवणातून रुजली. मात्र दाणे खवट किंवा बुरशीचे नकोत. त्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते.

उजनीचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला. ज्वारी टिकायची तर तिला खाणारा हवा, आणि पाहुण्यांचा पैसा त्यासाठी उपयोगी आहे. म्हणून हुरडा केंद्रांनी आणि घरगुती खानावळींनी पनीरच्या भाजीपेक्षा इथले पूर्ण ताट वाढावे. पाहुण्यांनीही पाकीट घेताना सोबतची रीत घरी न्यावी. नुसते धान्य नेले की काय होते, ते युरोपने पाहिले आहे.