दया, दरवाजा राहू दे

'सीआयडी'वाल्या बी. पी. सिंग यांच्याबद्दल नेटवर जे काही लिहिलं जातं त्यात दोनच प्रकार असतात. दया-दरवाजाचे विनोद, नाहीतर "आमचं बालपण" छापाचे उसासे. दोन्ही मीही भरपूर फॉरवर्ड केलेत. आज मात्र जरा भांडायचंय.

आधी माणसाचं काम बघा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकले, सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे कॅमेरामन झाले. मग दूरदर्शनवरच मराठीत 'एक शून्य शून्य', १९९५ मध्ये सोनीवर 'आहट', आणि २१ जानेवारी १९९८ पासून 'सीआयडी'. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती थांबली तेव्हा १,५४७ भाग झाले होते. सगळे काही त्यांनी एकट्यानं दिग्दर्शित केले नाहीत, पण साचा त्यांचाच. २००४ मध्ये तर एक अख्खा भाग, १११ मिनिटं, एकाच शॉटमध्ये! गिनीजमध्ये नोंद झाली. (आमच्याकडे १११ मिनिटं बिल्ड न तुटता राहिला तरी कोणीतरी समोसे मागवतं.) पुढे २०१८ च्या डिसेंबरात त्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे ते अध्यक्षही झाले. थोडक्यात, माणूस कच्चा नाही. म्हणूनच तक्रार आहे.

मी बीड जिल्ह्यातला. वीज परळीत तयार व्हायची आणि लोडशेडिंग आमच्याकडे, त्यामुळे शुक्रवारी रात्रीचा खुनी कोण हे निम्म्या वेळा शनिवारी सकाळच्या शाळेत कळायचं. खोटं कशाला बोलू, मजा यायची. पण त्या १,५४७ भागांतून आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. गुन्हा झाला की सीआयडी येते, आणि सीआयडी आली की विषय संपला. एसीपींना मंत्र्याचा फोन आला आणि केस बसली, असं होत नाही. स्थानिक पोलीस स्टेशन फ्रेममध्ये जवळजवळ नसतंच. गुन्हेगार शेवटी एक कानाखाली खातो आणि सगळं ओकतो. कोर्ट? ते पाटी पडल्यावर, आपण झोपायला गेल्यावर.

आता डिसेंबर २०२४ आठवा. ९ तारखेला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा खून झाला. पवनचक्की प्रकल्पावर ६ तारखेला झालेल्या भांडणात ते मध्ये पडले होते, खंडणीचा विषय होता. बरोबर बारा दिवसांनी, २१ डिसेंबरला, सोनीवर 'सीआयडी' नव्यानं सुरू झाली. आणि त्याच महिन्यात मस्साजोगचा तपास खऱ्या सीआयडीकडे गेला. गावाकडून काकांचा फोन : "आता सीआयडीकडं गेलंय म्हणल्यावर होतंयच की!" काका त्या संस्थेबद्दल बोलत होते की मालिकेबद्दल, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही नाही.

खरी सीआयडी म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली राज्य पोलिसांची शाखा. ती कॉलिस घेऊन आपणहून धावत येत नाही, सरकारनं केस सोपवावी लागते. म्हणजे पहिला प्रश्न "खून कोणी केला" हा नसतोच. "केस कोणी, कधी, कुणाच्या दबावामुळे सोपवली" हा असतो. मस्साजोगच्या बाबतीत सगळी लढाई इथंच झाली. गावकऱ्यांनी रस्ता अडवला, मोर्चे निघाले, विधानसभेत आवाज उठला, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलले गेले. मग एसआयटी, मोक्का, आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी बाराशेच्या वर पानांचं आरोपपत्र. ४ मार्चला एका मंत्र्यांचा राजीनामा. आरोपींबद्दल कोर्ट ठरवेल, मी नावं घेत बसत नाही. पण या सगळ्यातला एक तरी सीन 'सीआयडी'त बसेल का?

आणि ती कानाखाली. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम २५, आता नव्या कायद्यात कलम २३. मोक्कासारख्या कायद्यात अपवाद आहे, तोही वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे आणि बऱ्याच अटींसह. म्हणजे मालिकेचा क्लायमॅक्स कायद्याच्या दृष्टीनं शून्य! आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस पास, प्रॉडक्शनला क्रॅश. वीस वर्षं टाळ्या वाजवल्यावर लोकांना कोर्टातली तारीख म्हणजे फसवणूक वाटते आणि एन्काउंटर म्हणजे न्याय. गावाकडच्या ग्रुपवर बघा, "गोळ्या घाला" लिहिणारे आमचेच शाळासोबती आहेत.

"अरे, मनोरंजन आहे ते, इतकं काय सिरियसली घेतोस?" येणार, हा प्रतिसाद येणार. मान्य. प्रयोगशाळेतले रंगीत द्रव आणि डॉ. साळुंखे यांना माझी पूर्ण माफी. पण याच माणसानं 'एक शून्य शून्य' केलं होतं ना? मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवर, शिवाजी साटमच, आणि बराच कमी आरडाओरडा. पोलीस काम कसं करतात हे त्यांना माहीत होतं. बातम्यांच्या कॅमेऱ्यामागे वर्षं काढलेला माणूस आहे. माहीत असून त्यांनी ते काढून टाकलं, कारण साचा चालला. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युमन मेल्याचं चॅनेलनं जाहीर केलं तर देशभर सुतक. आमच्या ऑफिसात दोन जण खरंच हळहळले. मस्साजोग कुठल्या तालुक्यात आहे, हे त्यांना त्या दिवशी मी सांगितलं.

कोणी पुन्हा 'एक शून्य शून्य' करणार असेल तर लोकेशन मी दाखवतो. तालुक्याचं पोलीस स्टेशन, बाहेर लिंबाखाली बसलेले चार नातेवाईक, आत ठाणे अंमलदार. पहिला अख्खा भाग फक्त तक्रार नोंदवून घेण्यावर करा. १११ मिनिटंसुद्धा पुरायची नाहीत.