मधल्या नोंदवहीचा जाब कोणी द्यायचा?

शासनाची एखादी योजना जाहीर होते, अर्थसंकल्पात तिच्यासाठी तरतूद होते, हप्ता सोडल्याची बातमी छापून येते; आणि तरीही गावातील काही नावांपुढे पैसा जमा होत नाही. अशा वेळी नेहमीचे तीन आरोपी पुढे केले जातात : राज्यकर्त्यांची नियत, कर्मचाऱ्यांची दिरंगाई आणि लाभार्थ्यांचे अज्ञान. या तिघांचा वाटा असेल तेवढा मान्य केला, तरी एक चौथा घटक आपल्या चर्चेतून हमखास निसटतो. शासनाचा संगणक आणि बँकेचा संगणक यांच्यामध्ये एक नोंदवही असते. कोणाच्या नावाचा निरोप कोणत्या बँकेकडे धाडायचा, हे ती ठरवते. शेतकरी सन्मान निधी, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, लाडक्या बहिणीचा हप्ता, हे सर्व या नोंदवहीच्या वाटेने जाते. तेव्हा तिचा प्रश्न तांत्रिक म्हणून संगणकतज्ज्ञांकडे सोपवून मोकळे होता येणार नाही. तो वाटपाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.

नोंदवहीची गरज नवी नाही. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू केला. संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. नांदेडचा पिनकोड ४३१६०१ आणि लातूरचा ४१३५१२. जिल्हे शेजारचे, पण पहिल्या तीन अंकांवरून एकाची पत्रे छत्रपती संभाजीनगरच्या बाजूच्या थैलीत पडतात आणि दुसऱ्याची सोलापूरच्या बाजूच्या. पत्रे निवडणाऱ्याला गाव ठाऊक असण्याची गरज नसते. त्याला अंक वाचता आले की पुरे. अंक चुकला तर मात्र पत्र नको त्या वाटेला लागते. तरीही तेथे एक आधार होता : पाकिटावर गावाचे नाव लिहिलेले असे, आणि ते वाचून चूक सुधारणारा पोस्टमन असे. संगणकाच्या व्यवहारात तो पोस्टमन उरलेला नाही.

एकच यादी का पुरत नाही

निरनिराळ्या संस्थांचे संगणक एकमेकांशी बोलू लागले, तेव्हा हाच प्रश्न जगभर उभा राहिला. अमेरिकेत संशोधनसंस्थांच्या संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हा सर्व संगणकांच्या पत्त्यांची एकच यादी स्टॅनफर्ड येथील एका संस्थेत ठेवली जाई आणि प्रत्येकाने तिची प्रत उतरवून घ्यावी, अशी पद्धत होती. संगणक वाढले तशी ती यादी जुनी, अपुरी आणि चुकांची होऊ लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळी व्यवस्था सुचवली. प्रत्येक संस्थेने आपापल्या भागाची नोंद स्वतः सांभाळावी, वरच्या पातळीवर केवळ ‘अमुक भागाची चौकशी अमुक ठिकाणी करा’ एवढेच लिहिलेले असावे. आजचे इंटरनेट याच तत्त्वावर चालते. पुढे १९८८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या समितीने साऱ्या जगाच्या संदेशवहनासाठी नामसूचीचे एक भव्य मानक सिद्ध केले. त्यातील कल्पना पुष्कळ ठिकाणी वापरल्या गेल्या. साऱ्या जगाची एक सूची मात्र उभी राहिली नाही.

या इतिहासाचा बोध साधा आहे. नोंद ज्याच्या जवळची, त्यानेच ती सांभाळावी. आणि प्रत्येक नोंदीला एक ठरलेला जबाबदार असावा. आपल्याकडील लाभवाटपाच्या व्यवस्थेत या बोधाचा दुसरा अर्धा भाग हरवला आहे.

पैशाची वाट

या व्यवस्थेचे काम कसे चालते, ते पाहू. शासकीय विभाग लाभार्थ्याचा आधार क्रमांक आणि रक्कम आपल्या बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेकडे पाठवतो. या संस्थेकडे एक जोडसूची आहे. तिच्यात खाते क्रमांक नसतो. अमुक आधार क्रमांकाचा पैसा अमुक बँकेकडे द्यावा, एवढेच लिहिलेले असते. पैसा त्या बँकेकडे जातो आणि ती बँक आपल्या दप्तरात पाहून तो खात्यात टाकते. म्हणजे नोंदी दोन : एक मधल्या सूचीत, एक बँकेत. एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव राहू शकते, आणि शेवटी ज्या बँकेने जोडणी केली तिचे नाव टिकते.

२०१४ साली जनधन योजना आली. पीककर्जासाठी जिल्हा बँकेत एक खाते, जनधनचे दुसरे, शिष्यवृत्तीसाठी मुलाच्या नावाने तिसरे, अशी खाती घरोघर झाली. ‘आधार लिंक आहे ना?’ या प्रश्नाला खातेदार प्रामाणिकपणे ‘आहे’ म्हणतो. कारण त्याच्या बँकेने त्याचा आधार क्रमांक घेतलेला असतो. परंतु खात्याला आधार जोडणे आणि मधल्या सूचीत त्या बँकेचे नाव लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग पैसा येतच नाही, किंवा तो विसरलेल्या खात्यात जाऊन पडतो.

या सूचीतील नोंद बदलण्यात बँकेचा स्वार्थही असू शकतो, हे २०१७ साली साऱ्या देशाने पाहिले. मोबाईल क्रमांकाच्या आधार पडताळणीच्या निमित्ताने एअरटेल पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून उघडली गेली, आणि जोडसूचीत शेवटचे नाव त्या बँकेचे लागल्यामुळे लक्षावधी कुटुंबांचे गॅस अनुदान, सुमारे १९० कोटी रुपये, तिकडे वळले. आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची पडताळणीची परवानगी तात्पुरती थांबवली. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये पाच कोटींचा दंड केला. त्यानंतर संमतीचे नियम कडक झाले, हे ठीकच झाले. पण बोभाटा झाला तो अनुदान अनेकांचे, एकाच वेळी आणि एकाच दिशेने वळले म्हणून. एकट्यादुकट्या शेतमजुराची नोंद चुकते, तेव्हा त्याचा बोभाटा कोण करणार?

मराठवाड्याची विशेष अडचण

आपल्या भागात या नोंदींना इतिहासाचे आणखी काही थर आहेत. १९४८ पूर्वीचे महसुली दप्तर उर्दूत. त्यातील नावे पुढे मराठीत आली. मराठीतून ती संगणकासाठी रोमन लिपीत गेली. तीन लिप्यांच्या या प्रवासात नाव जसेच्या तसे उरत नाही. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ यांत भेद राहत नाही. उलट एकच ‘ज्ञानोबा’ कोठे ‘ड’च्या अक्षराने सुरू होतो, तर कोठे ‘ग’च्या. सातबाऱ्यावर आडनाव आधी, बँकेत शेवटी. देगलूर, धर्माबादकडे तेलुगू वळणाची नावे, उदगीर-निलंग्याकडे कानडी वळणाची. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीची एका दप्तरात माहेरची नोंद, दुसऱ्यात सासरची. माणसाला हे सारे एकच नाव वाटते; यंत्राला ती वेगवेगळी माणसे वाटतात.

बँकांच्या विलीनीकरणाने यात भर पडली. निजामी राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली हैदराबादची स्टेट बँक ही मराठवाड्याच्या ओळखीची बँक होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि पुढे शाखांचे संकेतांक बदलले. जुने पासबुक पाहून अर्ज भरणाऱ्याने जुना संकेतांक लिहिला, तर दोष त्याचा म्हणायचा का?

आता त्यावर शेतकरी ओळख क्रमांकाची नवी नोंद आली आहे. २०२५ साली राज्याने कृषी योजनांसाठी तो अनिवार्य केला. या क्रमांकाने आधार आणि सातबारा यांची सांगड घातली जाते. परंतु सातबाराच जर मृत खातेदाराच्या नावाने असेल, तर वारसाला हा क्रमांक मिळणार कसा? वारस नोंदीसाठी त्याच वर्षी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घ्यावी लागली, यातच जुन्या दप्तराची अवस्था दिसते. कच्च्या पायावर नवा मजला चढवला की पायातील तडा वरपर्यंत जातो.

चुकीची किंमत

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. २०२५–२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. नोंद दुरुस्त करण्यासाठी एखाद्या स्त्रीला बँक, सेवा केंद्र आणि तहसील असे तीन हेलपाटे पडले, तर ९३६ रुपयांची मजुरी बुडाली. लाडकी बहीण योजनेचा मासिक हप्ता १५०० रुपयांचा. त्याचे साठ टक्क्यांहून अधिक मोल दुरुस्तीतच गेले. सन्मान निधीच्या २००० रुपयांच्या हप्त्यापैकी जवळजवळ निम्मे गेले. एसटीचे भाडे, छायाप्रतींचा खर्च आणि केंद्रचालकाचे शुल्क यांत धरलेले नाही.

दुसऱ्या बाजूला काय आहे? चुकीच्या नोंदीमुळे बँकेचे काही बिघडत नाही. शासनाचा तर हप्ता खर्ची पडायचाच राहतो. ज्याच्या हाती चूक टाळणे आहे त्याला चुकीची झळ नाही, आणि ज्याला झळ लागते त्याच्या हाती काहीच नाही. बाह्य खर्चाचे याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. अशा स्थितीत चुका आपोआप कमी होतील अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

यावर असे म्हटले जाईल की, या व्यवस्थेमुळे बनावट लाभार्थी गळाले, मधले दलाल गेले, पैसा थेट हाती आला. हे खरे आहे, आणि हजेरीपटावरील खोट्या अंगठ्यांचे दिवस परत यावेत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण गळालेल्या प्रत्येक नावाला बनावट समजणे हा हिशेबाचा विपर्यास आहे. त्यात खोटे किती आणि खरे असून नोंदीअभावी गळालेले किती, हे वेगळे मोजल्याशिवाय बचतीचा आकडा अर्धवटच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शासकीय लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला. परंतु वापर वैध ठरला म्हणून चुकीचे ओझे नागरिकाने वाहावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

काय करता येईल

उपाय अशक्यप्राय नाहीत. मोबाईल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ साली देशभर झाली. तेथेही मध्ये एक सूचीच आहे. पण ग्राहकाने स्वतः संदेश पाठवून संकेतांक मिळवल्याखेरीज त्याचा क्रमांक हलत नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या व्यवहारात जे जमले, ते गरिबाच्या अनुदानात न जमण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट : जोडसूचीतील नोंद बदलण्यापूर्वी त्याची सूचना नागरिकाला मराठीतून मिळावी आणि त्याने होकार दिल्यावरच बदल व्हावा. दुसरी : हप्ता परत गेला तर त्याचे कारण संकेतांकात न देता सरळ शब्दांत कळवावे. ‘तुमचा पैसा अमुक बँकेकडे पाठवला, तेथे खाते बंद आढळले’, एवढे वाक्य अनेकांचे हेलपाटे वाचवील. आपली जोडणी कोणत्या बँकेशी आहे हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ही सोय ग्रामपंचायतीत आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात विनाशुल्क मिळावी. शिष्यवृत्तीच्या वेळी लिपिकांना हेच काम अखेरीस करावे लागते. ते आरंभीच झाले तर विद्यार्थ्यांचे सत्र वाया जाणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उत्तरदायित्वाची. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते. त्याचा अंमल राज्याच्या कार्यालयांवर चालतो. पण लाभाची नोंद बँकेत, मधल्या संस्थेत आणि तहसिलात अशी विखुरलेली असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून ज्या विभागाची योजना, त्याच विभागाने तक्रार स्वीकारावी, पोच द्यावी, मुदत सांगावी आणि बँकेशी पत्रव्यवहार स्वतः करावा. तसेच परत गेलेल्या हप्त्यांची संख्या कारणांसह तालुकावार प्रसिद्ध करावी. किनवटला किती आणि अहमदपूरला किती, हे दिसू लागले की कोणत्या दप्तरात दुरुस्ती हवी तेही दिसेल.

सूची कोणी उघडायची, कोणी बदलायची आणि बदलल्याचे कोणाला सांगायचे, हे नियम ठरवताना ज्याचे नाव तिच्यात आहे त्याला आजवर कोणी विचारलेले नाही. मृगाचा पाऊस पडला की बियाण्याच्या दुकानात उधारी चालते ती हप्ता येणार या भरवशावर. तो भरवसा ज्या नोंदीवर अवलंबून आहे, तिचा जाब देणारा एक अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी नावानिशी असावा, ही मागणी फार मोठी नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी पुढील हप्त्याची तारीख जाहीर करण्यापूर्वी मागील हप्ता कोणाकोणाला पोचला नाही, याची यादी मागवावी.