श्रमाची नोंद, विश्रांतीची उपेक्षा

दीर्घ पल्ल्याचे धावणे ही एके काळी आपल्याकडे मूठभर खेळाडूंची आणि लष्करातील जवानांची बाब मानली जात असे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि हे चित्र हळूहळू पालटत गेले. आज साताऱ्याच्या घाटात, पुण्याच्या टेकड्यांवर, मुंबईच्या समुद्रकाठी भल्या पहाटे धावणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकांतील कर्मचारी आहेत, गृहिणी आहेत. दुसरीकडे गावोगावच्या रस्त्यांवर आणि शाळांच्या मैदानांवर पोलीस व सैन्य भरतीसाठी धावणारी असंख्य तरुण मुले-मुली आहेत. पहिल्या वर्गाच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असते. दुसऱ्या वर्गाच्या पायांत पुष्कळदा धड बूटही नसतात. तथापि एका बाबतीत या दोघांत विलक्षण साम्य आहे. किती धावलो याचा हिशेब दोघेही चोख ठेवतात. किती सावरलो याचा हिशेब सहसा कोणीच ठेवत नाही.

ही उपेक्षा केवळ अज्ञानातून आलेली नाही. श्रम म्हणजे पुण्य आणि विश्रांती म्हणजे आळस, ही समजूत आपल्या अंगात खोलवर मुरली आहे. सराव ही जमेची बाजू आणि विश्रांती ही खर्चाची, असे सरसकट धरले जाते. शरीरशास्त्राचे म्हणणे नेमके उलट आहे. सराव हाच खर्च होय. त्यात स्नायूंमधील इंधनाचा साठा घटतो, तंतूंना सूक्ष्म इजा होते, मज्जासंस्था शिणते. जमा होते ती नंतरच्या झोपेत, आहारात आणि हलक्या दिवसांत. खर्च केल्यावाचून जमा होत नाही, हे खरे; पण जमा होण्याआधीच पुनःपुन्हा खर्च होत राहिला तर मूळ भांडवलच खचते. कोल्हापूरच्या तालमींनी मेहनत, खुराक आणि विश्रांती ही त्रयी पूर्वापार एकत्र बांधली, ती याच जाणिवेने. धावण्याच्या क्षेत्रात मात्र तिच्यातील पहिलाच शब्द उचलला गेला.

दोन खात्यांचा सिद्धांत

या व्यवहाराला गणिताचे रूप देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न कॅनडातील शास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली केला. त्यांची मांडणी एखाद्या अर्थशास्त्रज्ञाला शोभावी इतकी सुटसुटीत होती. प्रत्येक सरावाची नोंद दोन खात्यांवर होते, असे त्यांनी धरले: एक खाते क्षमतेचे, दुसरे थकव्याचे. शर्यतीच्या दिवशी प्रत्यक्ष दिसणारी कामगिरी म्हणजे पहिल्यातून दुसरे वजा जाता उरणारी शिल्लक. थकवा चटकन वाढतो आणि तुलनेने लवकर ओसरतो; क्षमता सावकाश वाढते, पण अधिक काळ टिकते. या गणितात थकव्यासाठी सुमारे पंधरा दिवसांचे आणि क्षमतेसाठी सुमारे पंचेचाळीस दिवसांचे कालमान पुष्कळदा धरले जाते. आजची घड्याळे व त्यांना जोडलेल्या संगणकीय प्रणाली सात आणि बेचाळीस दिवसांच्या सरासऱ्या दाखवितात, त्या याच विचाराच्या वंशज आहेत.

या साध्या समीकरणातून एक मोठे कोडे उलगडते. महिनोन्‌महिने कसून सराव करणारा धावपटू ऐन हंगामात मंदावतो, तेव्हा त्याची क्षमता नाहीशी झालेली नसते. ती थकव्याखाली दडलेली असते. अशा वेळी अधिक सराव हे औषध नसून विष ठरते. शर्यतीपूर्वी सराव कमी करण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा लॉरां बॉस्के व सहकाऱ्यांनी २००७ साली घेतला. सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, वेग मात्र घटवू नये, यात सर्वाधिक लाभ दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या देशात हा निष्कर्ष सहजी पचणारा नाही.

वही, पेन्सिल आणि एक प्रश्न

असे हिशेब ठेवायचे तर महागडी यंत्रे हवीत, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त साधनांपैकी एक जवळजवळ फुकट मिळते. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. सराव संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूला एकच प्रश्न विचारायचा: आजचा सराव एकूण किती कठीण गेला? उत्तर शून्य ते दहा या श्रेणीत द्यायचे आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. चाळीस मिनिटांचे संथ धावणे तीन श्रेणीचे वाटले तर भार १२०. तेवढाच वेळ आठ श्रेणीचे वाटले तर ३२०. अंतर तेच असेल, पण शरीराने मोजलेली किंमत जवळजवळ तिप्पट असते.

फॉस्टर यांची दुसरी देणगी याहून मोलाची आहे. आठवड्याच्या एकूण भाराइतकेच महत्त्व त्याच्या वाटणीला असते, हे त्यांनी दाखविले. समजा, दोन धावपटूंचा आठवड्याचा भार २१०० आहे. पहिल्याचे सात दिवस ६००, १००, ६००, १००, ५००, २०० आणि शून्य असे गेले. दुसऱ्याचे ३००, ३२०, २८०, ३१०, २९०, ३०० आणि ३००. बेरीज एकच, दैनिक सरासरीही ३०० च. परंतु सरासरीला प्रमाण विचलनाने भागले की फॉस्टर ज्याला एकसुरीपणा म्हणतात तो आकडा मिळतो. पहिल्याच्या बाबतीत तो साधारण सव्वा येतो, दुसऱ्याच्या बाबतीत पंचवीस. एकूण भाराला या आकड्याने गुणले की येणारा ताण खेळाडूच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे आजारपणे वाढतात, असे त्यांना १९९८ च्या अभ्यासात आढळले. रोज नेमाने तेवढेच धावणारा स्वतःला शिस्तबद्ध समजतो. हिशेबवही मात्र सांगते की त्याने सावरण्यासाठी एकही दिवस मोकळा ठेवलेला नाही.

याच संशोधकांनी २००१ साली आणखी एक बाब पुढे आणली. प्रशिक्षकाने जे दिवस हलके ठरविले होते ते खेळाडूंनी अधिक जोराने घालविले, आणि जे कठीण ठरविले होते ते त्या मानाने सौम्य गेले. हलक्या दिवशी राखून धावण्याचा धीर नाही, म्हणून कठीण दिवशी झेपावण्याची ताकद नाही, असा हा पेच आहे. मोजमापाची खरी गरज येथे आहे. नॉर्वेतील धावपटू सरावाच्या मध्येच रक्ताचा थेंब घेऊन त्यातील लॅक्टेट तपासतात, ते वेग वाढविण्यासाठी नव्हे. ठरलेल्या मर्यादेबाहेर तो जाऊ नये म्हणून. २०२१ मध्ये तोक्योत १५०० मीटरचे आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५००० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा याकोब इंगेब्रिग्टसेन याच पद्धतीत वाढला. तेथे आकड्यांचा उपयोग लगाम म्हणून होतो. आपल्याकडे तो बहुधा चाबूक म्हणून होतो.

आकड्यांचा अंधविश्वास

म्हणून आकड्यांपुढे मान तुकवावी, असा याचा अर्थ नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांनी चालू आठवड्याच्या भाराचे गेल्या काही आठवड्यांच्या सरासरीशी असलेले गुणोत्तर पुढे केले. ते ०.८ ते १.३ च्या दरम्यान राहिल्यास दुखापतीचा धोका कमी, असे सांगण्यात आले, आणि क्रीडाजगताने हा पट्टा एखाद्या धर्माज्ञेसारखा उचलून धरला. पुढे फ्रांको इंपेलिझेरी आदी अभ्यासकांनी या गुणोत्तराच्या गणितावर आणि कार्यकारणभावावर गंभीर आक्षेप घेतले. २०२१ साली ४८२ युवा फुटबॉलपटूंवरील एका नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुणोत्तर पाळणाऱ्या संघांत आरोग्याच्या तक्रारी कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. भार एकाएकी वाढवू नये हे शहाणपण त्यामुळे खोटे ठरत नाही; खोटी ठरते ती दशांशचिन्हाची जादू.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ सालीच चलननीतीच्या संदर्भात बजावले होते की, एखाद्या आकड्याचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्या आकड्यामागील नियमितता कोसळू लागते. घड्याळातील गुण वाढविणे हेच ध्येय झाले की धावपटू शरीरासाठी नव्हे, घड्याळासाठी धावू लागतो. त्यातच विविध कंपन्यांची घड्याळे सकाळी उठल्याबरोबर तुमच्या ताजेपणाचा जो आकडा दाखवितात, तो कोणत्या सूत्राने काढला हे बहुधा गुलदस्तात असते.

मग थकवा मोजायचा कसा? ॲना सॉ व सहकाऱ्यांनी २०१६ साली उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेऊन जे उत्तर दिले ते विचार करायला लावणारे आहे. रक्तातील घटक, हृदयाचे ठोके यांसारख्या वस्तुनिष्ठ मापांपेक्षा झोप, मनःस्थिती, थकवा यांविषयी खेळाडूने स्वतः दिलेली उत्तरे भारातील बदल अधिक संवेदनक्षमतेने आणि सातत्याने टिपतात, असे त्यांना दिसले.

याचे एक कारण उघड आहे. यंत्राला केवळ सराव दिसतो. शरीराला सगळे आयुष्य सोसावे लागते. पहाटे पाच किलोमीटर धावून दिवसभर ऊस तोडणाऱ्या वा खुरपणी करणाऱ्या मुलाच्या घड्याळात फक्त पाच किलोमीटर नोंदले जातील. मैदानावरून परतल्यावर पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, घरातले सगळे जेवल्यावर उरलेले खाणारी मुलगी कागदोपत्री विश्रांतीच घेत असते. लोकलमध्ये तीन तास उभ्याने घालविणाऱ्या कारकुनाची तीच गत. पुरेशी झोप, पोटभर सकस अन्न आणि मोकळी दुपार या गोष्टी समाजात सारख्या वाटल्या गेलेल्या नाहीत. युरोपातील वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून घेणारा प्रशिक्षक खर्चाची बाजू तेवढी आयात करतो. जमेची बाजू तेथेच राहते.

भरतीच्या मैदानावर

हा प्रश्न पदकांपुरता राहिला असता तरी चालले असते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीतील दहा किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवारांचे प्राण गेले आणि ती चाचणी काही दिवस थांबवावी लागली. उष्मा, अपुरी व्यवस्था, उत्तेजक द्रव्ये अशा अनेक कारणांची तेव्हा चर्चा झाली. कारणे काहीही असोत, नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावणाऱ्या तरुणांच्या शरीराचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता, हे त्यातून भीषणपणे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील पोलीस भरतीत पुरुषांसाठी १६०० आणि महिलांसाठी ८०० मीटरची धाव असते. अंतर लहान असले तरी तयारीची रीत तीच आहे. भरतीचे वेळापत्रक अनिश्चित असते, ही उमेदवारांची जुनी तक्रार आहे. तारीख कळेपर्यंत सराव रेंगाळतो आणि ती जाहीर होताच काही आठवड्यांत वर्षाची कसर भरून काढण्याची धडपड सुरू होते. नडगीची दुखणी आणि हाडांच्या चिरा अशा घाईतूनच उद्भवतात. अति तेथे माती, ही म्हण येथे शब्दशः खरी होते. मैदानी चाचणीची तारीख किमान तीन-चार महिने आधी जाहीर करणे, ही म्हणूनच केवळ प्रशासकीय सोय नव्हे. ती आरोग्यरक्षणाची उपाययोजना आहे आणि तिला फारसा पैसाही लागत नाही.

दुसरी जबाबदारी शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांची व भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची आहे. प्रत्येक मुलामागे एक साधी वही ठेवता येईल. तीत सरावाची मिनिटे, त्याची श्रेणी, रात्रीची झोप, अंगदुखी आणि घरचे वा शेतातले काम एवढेच लिहावे. ज्यांना आठवड्याची बेरीज करता येते त्यांना ही वही वाचता येईल.

परंतु वहीत खरे उत्तर येईल की नाही, हे वहीवर अवलंबून नाही. आज फार थकलो आहे, असे म्हणणाऱ्या मुलाला मैदानाच्या दोन फेऱ्या जादा मिळणार असतील, किंवा संघातून नाव कमी होणार असेल, तर तो शून्याच्या जागी दहा आणि दहाच्या जागी शून्य लिहील. खोट्या उत्तरांवर उभारलेला हिशेब घड्याळाच्या हिशेबाहून वाईट. तेव्हा प्रशिक्षकाने पहिली सुधारणा स्वतःच्या कपाळावरील आठ्यांत करावयास हवी. दमलेल्याचा शब्द प्रमाण मानून त्याला एक दिवस बिनदिक्कत मोकळा देणारा शिक्षक शिस्त बिघडवीत नाही; तो उद्याच्या धावेसाठी भांडवल राखतो.