मार्मोट मान वर करतो तेव्हा

ऑगस्टमधली पहाट. काश्मीरमधलं विशनसर सरोवर, उंची सुमारे ३,७०० मीटर. उजाडताना इथलं पाणी इतकं निवांत असतं, की डोंगर कुठे संपला आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू झालं, ते नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. ऊन दरीत उतरलं की उतार तापतात, वारा सुटतो, पाणी शहारतं आणि प्रतिबिंब मोडतं. फोटो काढणाऱ्याच्या हाती तेवढे दीड-दोन तास. त्या तासांसाठी मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोज्यात गुंडाळून रात्रभर स्लीपिंग बॅगेत जवळ घेऊन झोपते. गारठ्यात त्या बघता बघता उतरतात.

त्या पहाटे ट्रायपॉड लावून बसले होते. काठाशी एक करडा धोबी शेपूट नाचवत दगडावरून दगडावर फिरत होता. हिवाळ्यात आमच्या साताऱ्याकडच्या ओढ्यांवर दिसणारा हा पक्षी. त्याचं माहेर हिमालयात. मी त्याच्यात रमले होते, तेवढ्यात मागून गाणं ऐकू आलं. दहा-बारा जणांचा गट, एकाच्या सॅकला ब्लूटूथ स्पीकर लटकवलेला. बोलणं मराठी. धोबी उडाला. कुणी तरी पाण्यात दगड भिरकावला, सगळ्यांनी उड्या मारतानाचे फोटो काढले आणि पंधरा मिनिटांत गट नाश्त्याला परतला. ही मंडळी वाईट नव्हती. सुट्ट्या साठवून, पैसे जमवून, निचनाईची खिंड धापा टाकत ओलांडून ती इथवर आली होती. एवढे कष्ट करून विशनसर त्यांच्या फोटोत आलं, पण त्यांना भेटलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी ही सरोवरांची वाट मी तीनदा चालले आहे. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, शेवटी ५,१४२ मीटर उंचीच्या हरमुखच्या पायथ्याशी नुंदकोल आणि गंगबल. या वाटेवर मी जे शिकले, ते एका वाक्यात सांगता येईल. फोटो किती जवळून काढला याचं कौतुक नंतर. तो काढताना समोरच्याचं काय बिघडवलं, हे आधी विचारायला हवं.

हे मला एका मार्मोटने शिकवलं. पहिल्या फेरीत गडसरच्या खिंडीपलीकडे, एका मोठ्या खडकाखाली त्याचं बीळ दिसलं. मांजराहून थोराड, पोटाकडे नारिंगी, पाठीवर काळा पट्टा, लांब शेपूट. पुढच्या दोन पंजांत गवत धरून तो चघळत होता. मी वाकून पुढे गेले, आणखी पुढे गेले. त्याने मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं. मी शटर दाबलं. दुसऱ्या क्षणी तीक्ष्ण शिट्टी घुमली आणि आसपासच्या उतारावर चरणारे सगळे मार्मोट जमिनीत गडप झाले. फोटो अप्रतिम आला होता. डोळ्यात उजेडाचा ठिपकासुद्धा होता.

आमच्याबरोबरचे घोडेवाले चाचा शांतपणे म्हणाले, “बेटी, उसका खाना छूट गया.”

बस, एवढंच. पण त्या वाक्याचा अर्थ पुढे वाचत गेले तसा उलगडला. हा प्राणी वर्षातला निम्म्याहून जास्त काळ बिळात झोपून काढतो. आत काही खात नाही. उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर सगळं कुटुंब एकमेकांना बिलगून थंडी काढतं. म्हणजे उन्हाळ्याचे मोजके महिने हाच त्याचा सुगीचा हंगाम. आपण त्याला बिळात पिटाळतो तेव्हा त्या सुगीतला वेळ खातो. एकट्या माझ्यामुळे गेलेली वीस मिनिटं फार वाटणार नाहीत, पण माझ्यामागून रोज गट येत असतात. मूठभर बिस्किटं टाकून त्याला जवळ बोलावणं हेही प्रेम नव्हे. माणसाला सोकावलेला मार्मोट सावधपणा विसरतो, आणि त्या उतारावर सावधपणावरच त्याचा जीव टिकून असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: प्राणी कॅमेऱ्याकडे रोखून पाहतोय, असा फोटो बहुतेक वेळा फसलेला फोटो असतो. त्याचं जगणं तुम्ही थांबवलं, याचा तो पुरावा असतो.

माणसांचंही असंच आहे. उन्हाळ्यात बकरवाल कुटुंबं शेळ्या-मेंढ्या घेऊन या कुरणांवर राहायला येतात. चुलीपाशी बसलेली बाई, गालावर ऊन लागलेलं पोर दिसलं, की आपण न विचारता मोबाइल पुढे करतो. आपल्या स्वयंपाकघरात असं कुणी शिरलं तर चालेल? मी आता आधी बसते, विचारते, नको म्हटलं तर कॅमेरा बंद. ‘फोटो पाठवते’ असं सांगितलं, तर पुढच्या वर्षी छापील प्रत घेऊन जाते किंवा चाचांच्या हाती पोचवते.

हिमालय लांब आहे म्हणून हा विषय लांबचा नाही. आमच्या कासच्या पठारावर तेरड्यात लोळून, सीतेची आसवं तुडवून फोटो काढणारे मी पाहिलेत. तिथे अखेर नोंदणी आणि रोजच्या संख्येची मर्यादा आली. उत्तराखंडमध्ये तर २०१८ साली उच्च न्यायालयाला बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, रात्रीच्या मुक्कामावर बंदी घालावी लागली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर रोखावी लागली. त्या निर्णयाने स्थानिक वाटाड्यांची आणि घोडेवाल्यांची रोजीरोटी अडचणीत आली. आपण स्वतःला आवर घातला नाही की नियम येतो, आणि त्याची झळ आधी गरिबाला बसते.

मुंबई-पुण्याहून हिमालयात गट नेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत बूट, रेनकोट, औषधं यांची यादी सांगता, त्यात एक ओळ वाढवा: प्रत्येक सरोवराकाठी पहिला अर्धा तास गप्प बसायचं, कॅमेरा सॅकमध्ये. त्या अर्ध्या तासात खूप काही दिसतं. हिमनदीने दळलेली खडकाची पिठूळ पूड पाण्यात तरंगत असते, म्हणून नुंदकोलचा निळा-हिरवा रंग उन्हाबरोबर पालटत जातो, हे मला बसल्यावरच कळलं. आणि बिळांचे, घरट्यांचे नेमके ठिकाण फोटोसोबत टाकू नका.

माझ्या घरात भिंतीवर दुसऱ्या फेरीतला फोटो आहे. पाऊण तास एका दगडाला टेकून बसल्यावर, बऱ्याच अंतरावरून काढलेला. उतार मोठा, त्यात मार्मोट अंगठ्याच्या नखाएवढा, आणि पाठमोरा. पाहुणे विचारतात, “अहो, याचं तोंड का नाही दिसत?”

मी सांगते, “तो जेवत होता.”