सपोर्ट संपला म्हणे!

म्हाताऱ्या माणसाला आणि जुन्या यंत्राला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : "आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही." माणूस निदान उलट बोलतो. यंत्र बिचारं हिरवा दिवा लुकलुकवत निमूट काम करत राहतं.

आमच्याकडे अशी एक पेटी आहे. आत दोन हार्ड डिस्क, मागे राउटरची वायर. जाणकार तिला 'नॅस' म्हणतात, आमची सौ. 'कोठी' म्हणते; आणि सौ.चंच बरोबर आहे. इटियाडोहच्या पाण्यावर पिकलेलं धान जसं कोठीत, तसे मुलीच्या लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या नकला आणि आईच्या आवाजातली जात्यावरची गाणी या पेटीत. कोठी जुनी झाली म्हणून धान कुणी उकिरड्यावर टाकत नाही. पण दुकानातला पोरगा खुशाल म्हणाला, "काकाजी, सपोर्ट संपला ना जी याचा! नवी घ्या."

संपलं काय, तर फर्मवेअर. म्हणजे पेटीच्या डोक्यात बसवलेली अक्कल. कंपनी ती अधूनमधून सुधारते, चोरवाटा बुजवते आणि एक दिवस हात झटकते. नवी अक्कल तयार असते, पण जुन्या पेटीला ती अधिकृतपणे मिळत नाही. पंगतीत आडनाव विचारून पान वाढावं, तशातली ही रीत!

भुकेली पेटी मात्र जेवू शकते. नेटगिअरच्या रेडीनासचंच पाहा. 2013 मध्ये ओएस 6 आलं ते नव्या पेट्यांसाठी. लोकांनी ते इंटेल प्रोसेसरच्या जुन्या प्रो आणि अल्ट्रा पेट्यांवर चढवलं. कंपनीचा आधार नव्हता, डिस्का पुसून सगळं पुन्हा भरावं लागे. पण पेट्या चालल्या.

"पण धोका असतो!" असतोच. मेमरी अपुरी पडते, आणि ऐन वेळी लाइट गेली तर पेटीची वीट होते व मालकाला वीट येतो. म्हणून शहाणा माणूस आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि मगच हात घालतो.

पण काहीच न करण्यात धोका नाही, हे कुणी सांगितलं? वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्यांना 2015 नंतर नवं फर्मवेअर मिळालं नाही. जून 2021 मध्ये जगभरच्या कित्येक मालकांच्या पेट्या दुरूनच कुणीतरी पुसून टाकल्या. कंपनीचा पहिला सल्ला : पेटी इंटरनेटपासून तोडा. 2024 मध्ये डी-लिंकच्या जुन्या पेट्यांत भोक सापडलं, तर उत्तर आलं की मुदत संपली, पेटी बदला. घराला भोक पडलं म्हणून गवंडी बोलवावा, तर तो म्हणतो गाव बदला!

आमच्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळ्यांनी बांधले. बांधणारे गेले, मालगुजारी 1951 च्या सुमारास गेली. पण तलावाचा 'सपोर्ट संपला', असं म्हणून कुणी पाळ फोडली नाही. जिथे गाळ काढला, पाळ सावरली, तिथे अजून धान पिकतं. इटियाडोहच्या धरणालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. कालवा फुटला तर तो बुजवतात; शेतकऱ्याला 'नवी नदी घ्या' म्हणत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. कंपनीने जन्मभर पेटी सांभाळावी, असा हट्ट नाही; तिलाही पोटपाणी आहे. पण हात काढून घेताना किल्ली मालकाच्या हातात द्यावी. कुलूप उघडावं, दुरुस्तीला लागेल ती माहिती मोकळी करावी आणि पुढचा धोका मालकाच्या माथी मारावा, खुशाल! पैसे घेताना पेटी आमची आणि अक्कल बदलताना तुमची, हा व्यवहार आमच्याकडे बैलबाजारातसुद्धा चालत नाही. तिथे बैलाबरोबर दावं देतात.