वृद्धाश्रमातील दुपार

ऑक्टोबर महिन्याची पहिली तारीख उजाडली की वृद्धाश्रमांची आठवण अनेकांना होते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली हा दिवस ज्येष्ठांसाठी मुक्रर केला, आणि १९९१पासून तो पाळला जातो. त्या दिवशी फळे येतात, शाली येतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. पाहुण्यांची वाहने फाटकाबाहेर पडली की सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि जेवणानंतरची दुपार पुन्हा पूर्वीसारखी लांबत जाते. खानदेशातील वैशाखाची दुपार तर विचारूच नये. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला, खिडक्या बंद, पंख्याचा आवाज आणि चहाची घंटा होण्याची वाट पाहणारे वीस-पंचवीस जीव. वृद्धसेवेची खरी परीक्षा सत्काराच्या सकाळी होत नाही. ती या दुपारी होते.

अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध यांची सोय झाली की कर्तव्य संपले, अशी समजूत समाजात खोलवर रुजली आहे. कायद्याने मात्र ती मानलेली नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी संसदेने २००७ साली जो कायदा केला, त्यातील एकोणिसाव्या कलमात जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तेथील सेवांचा उल्लेख करताना वैद्यकीय उपचारांच्या जोडीला करमणुकीच्या साधनांचाही स्पष्ट निर्देश आहे. २०११च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हा हा विषय चार संस्थांपुरता उरलेला नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला वा अमेरिकेला, आणि आईवडील जळगाव-धुळ्याच्या बंद वाड्यात, हे चित्र आता घरोघरचे आहे. घरातच राहणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांची दुपार वृद्धाश्रमातल्या दुपारीहून वेगळी नसते.

करमणूक म्हटली की दूरचित्रवाणी संच लावून द्यावा, असा सोपा मार्ग निघतो. पण संच पाहणारा माणूस बसूनच राहतो. म्हातारपणाचे दुःख हातपाय थकले एवढेच नसते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव त्याहून जड असते. जी माउली चाळीस वर्षे घराच्या किल्ल्या कमरेला लावून वावरली, तिला आता वरणात मीठ किती घालावे हेही कोणी विचारत नाही. म्हणून तिला रिझवण्याआधी तिच्या हाती काही सोपवले पाहिजे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की खोलीची मांडणी, चित्रपट पाहण्याचा दिवस त्यांनीच ठरवावा. प्रत्येकाला एक रोप देऊन त्याची निगा त्यांच्याकडेच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक उत्साही आणि अधिक मिळूनमिसळून वागणारे दिसले. रोप दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो पाणी कोणी घालायचे एवढ्याचा.

तुळशीला पाणी घालण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा असतो, हे जाणणाऱ्या समाजाला या प्रयोगाचे नवल वाटू नये. असे उपक्रम खानदेशात शोधायला दूर जाण्याची गरज नाही आणि फारसा खर्चही नाही. हा कापसाचा मुलूख. मूठभर कापूस पुढे ठेवला की थरथरत्या बोटांनाही वाती वळता येतात, आणि त्या गावच्या देवळात गेल्या तर त्या श्रमाला अर्थ येतो. थंडीत भरिताची वांगी भाजायची, तर शेंगा सोलणे, मिरची-लसूण निवडणे आणि चव सांगणे हे काम आजींचे. आजोबांसाठी पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट आहेतच. ठसठशीत अंकांचे पत्ते आणि मोठ्या टायपातली पुस्तके आणली की नजर अधू असलेलाही डावात बसतो. खुर्चीत बसल्या बसल्या मऊ चेंडू एकमेकांकडे टाकण्याचा खेळ हसवतोही आणि खांदेही मोकळे करतो. भुसावळला रेल्वेत उमेद घालवलेल्या आजोबांकडे जेवणाची घंटा सोपवावी. मिनिटाचा उशीर होणार नाही. निवृत्त शिक्षकाकडे ग्रंथपेटी द्यावी, बँकेतून निवृत्त झालेल्याकडे भाजीचा हिशेब.

याहून मोठे धन आहे ते स्मरणाचे. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा रात्र जागवणारी गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, जात्यावरच्या ओव्या यांचा साठा आज ज्यांच्या कंठात आहे, ती पिढी सत्तरीपलीकडची आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेले काव्य जवळच्यांनी टिपून ठेवले, म्हणूनच १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी ते महाराष्ट्रापुढे आले. कोणी शेजारी बसून लिहून घेतले नसते तर? धुळ्याने इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारून जुने कागद जपले, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखिते जपली. त्याच मातीतल्या शाळकरी मुलांनी वही घेऊन वृद्धाश्रमात बसावे, आजींनी सांगावे आणि मुलांनी उतरवावे, यासारखा दोन्ही पिढ्यांना उपकारक उपक्रम दुसरा नाही. मात्र बोलणे त्यांच्या अहिराणीत किंवा लेवा बोलीत व्हावे. छापील मराठी समोर आली की पुष्कळ आजी संकोचाने गप्प होतात.

काही पथ्ये पाळावी लागतील. उपक्रम सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर असावेत. खुर्च्यांना हात असावेत, जमीन निसरडी नसावी. ऐकू कमी येणाऱ्याशी समोर बसून, सावकाश बोलावे. विस्मरणाचा आजार जडलेल्याला ‘मी कोण, ओळखा पाहू’ असे विचारून त्याची परीक्षा घेऊ नये. नाव सांगूनच नमस्कार करावा. आणि ज्याला गायचे नाही, खेळायचे नाही, त्याला खिडकीपाशी शांत बसू द्यावे. सक्तीचा आनंद हाही एक जाचच असतो.

सर्वांत मोठे पथ्य मात्र सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. रिचर्ड शुल्झ या संशोधकाने, १९७६ सालीच, एका वृद्धनिवासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भेटी घडवून आणल्या. भेट केव्हा होणार हे ज्यांना आधी ठाऊक असे, किंवा ज्यांना ती स्वतः ठरवता येई, त्यांची प्रकृती व उमेद सुधारली. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढे काही वर्षांनी पाहिले तेव्हा त्याच वृद्धांची अवस्था खालावलेली आढळली. एखाद्याला वाट पाहायला शिकवावे आणि मग येणेच बंद करावे, हा उपकार नव्हे.

जळगावात डॉ. अविनाश आचार्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या केशवस्मृती प्रतिष्ठानाने रक्तपेढीपासून वृद्धाश्रमापर्यंत सेवाकार्ये उभी केली. अशा संस्थांना देणग्या मिळतात, मिष्टान्नेही मिळतात. टंचाई असते ती ठरल्या वारी, ठरल्या वेळी येणाऱ्या माणसांची. नियमितपणाचे संस्कार ज्या कार्यकर्त्यांवर झाले आहेत, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे वावगे नाही. दर बुधवारी चार वाजता दोघांनी जावे आणि पत्त्यांचा डाव मांडावा. इतकेच, पण वर्षभर. ज्यांचे आईवडील घरीच आहेत, त्यांना तर बुधवारची वाट पाहण्याचेही कारण नाही.

वाढदिवसाला फळे वाटणाऱ्यांचे हात थांबू नयेत. परंतु पुढच्या वेळी सोललेले संत्रे आजोबांच्या हाती ठेवण्याऐवजी टोपली त्यांच्यासमोर ठेवावी आणि सर्वांना वाटून देण्याची विनंती करावी. घेण्यासाठी पसरलेला हात आणि देण्यासाठी पुढे झालेला हात यांत किती अंतर आहे, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.